शरीराचा पाण्याचा हिशेब : तहान, लघवी आणि घाम

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, दिवसाला नेमके किती लिटर पाणी प्यावे?" कोणी चार लिटर म्हणतो, कोणी सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर म्हणतो, कोणी जेवताना पाण्याला हातही लावू नये म्हणतो. मोबाईलवर आलेले असे सल्ले दाखवून 'यातला खरा कोणता' असे विचारणारेही आता पुष्कळ आहेत. माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मी सांगतो, सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. पाण्याचा हिशेब ठेवणारा एक कारकून निसर्गाने प्रत्येकाच्या डोक्यात बसवून ठेवला आहे. तो काम कसे करतो आणि कोणाकोणाच्या बाबतीत त्याचे काम चुकते, हे समजून घेतले तर आकड्याची फारशी गरज राहत नाही. आज तेच पाहू.

टंचाईतला हिशेब म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावण्याची पाळी प्रशासनावर आली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. म्हणजे त्या गाडीने माणशी जेमतेम सव्वा लिटर पाणी आणले. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत घरोघरी एकच पद्धत होती. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी संडासात, आणि आंघोळीचे पाणी परातीत उभे राहून साठवायचे. आपली मूत्रपिंडे हेच काम आयुष्यभर करतात, टंचाई असो वा नसो.

६० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात ३५-३६ लिटर पाणी असते. स्त्रियांत थोडे कमी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. जो दीड-दोन लिटर बाहेर जातो ती लघवी. आता प्रश्न असा, की किती परत घ्यायचे आणि किती सोडायचे हे मूत्रपिंडाला सांगते कोण?

शरीराचा कारभार चालवणारी दोन खाती आहेत. एक मज्जासंस्था आणि दुसरे अंतःस्रावी ग्रंथींचे, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतो त्यांचे. मज्जासंस्थेचे काम टेलिफोनसारखे. तार ज्या घरी गेली आहे त्याच घरी घंटी वाजते आणि निरोप क्षणात पोचतो. तव्याला बोट लागले की हात मागे येतो, ते या तारांमुळे. संप्रेरकांचे काम पूर्वी गावात दवंडी पिटली जाई तसे. कोतवाल सगळ्या गल्ल्यांतून फिरतो, आवाज सर्वांच्या कानावर पडतो, पण ज्याच्याशी संबंध आहे तोच दार उघडून बाहेर येतो. वेळ लागतो, पण निरोप गावभर जातो आणि बराच वेळ टिकतो. शाळेच्या पुस्तकात ही दोन खाती वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पाण्याच्या हिशेबात दोन्ही एकाच टेबलावर बसलेली असतात.

ते टेबल म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा एक भाग. त्याचे नाव हायपोथॅलॅमस. इथल्या काही पेशींचे काम एकच, रक्त किती घट्ट झाले आहे ते पाहत राहणे. घाम गेला, पाणी पिणे राहून गेले, खारट खाणे झाले की रक्तातल्या क्षारांचे प्रमाण वाढते. तेव्हा या पेशींतले पाणी ओढले जाते आणि त्या किंचित आकसतात. रक्ताच्या घट्टपणात शेकडा एक एवढा फरक पडला तरी त्यांना कळते. धरणातली पातळी बोटभर उतरल्याबरोबर पाटबंधारे खात्याच्या साहेबाला जाग यावी, असा हा प्रकार. (तिकडे असे घडताना मी तरी पाहिलेले नाही.)

पातळी उतरली की दोन हुकूम निघतात. पहिला हुकूम तारेने, मेंदूच्या वरच्या भागाला. आपल्याला तहान लागते, तोंड कोरडे पडते आणि आपण उठून माठाकडे जातो. दुसरा हुकूम मूत्रपिंडाला जायचा असतो आणि तो दवंडीने जातो. गंमत अशी, की दवंडी देणाऱ्या पेशीही मज्जापेशीच आहेत. हायपोथॅलॅमसमध्ये त्यांचे डोके, आणि त्यांचे लांब शेपूट खाली वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरलेले. डोक्यात संप्रेरक तयार होते, शेपटातून खाली येते आणि तिथल्या रक्तात सोडले जाते. म्हणजे इथे टेलिफोनच्या तारेलाच पुढे डफ बांधलेला आहे. या संप्रेरकाचे नाव अँटिडाययुरेटिक हार्मोन, थोडक्यात एडीएच. दुसरे नाव व्हॅसोप्रेसिन. फक्त नऊ अमिनो आम्लांची ही साखळी. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाला अशा संप्रेरकांवरील कामासाठी १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एडीएच मूत्रपिंडात पोचले की तिथल्या शेवटच्या नलिकांच्या भिंतींत पाण्याची बारीक दारे उघडतात आणि लघवी होऊ घातलेले पाणी परत रक्तात शिरते. ही दारे खरोखरीची आहेत, उपमा नव्हे. ती प्रथिनांची बनलेली असतात आणि त्यांतून फक्त पाणी जाते. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चे नोबेल मिळाले. एडीएचचे प्रमाण रक्तात १५ ते २० मिनिटांत निम्म्यावर येते, त्यामुळे हुकूम सतत नवा करावा लागतो. पाणी पुरेसे झाले की हुकूम बंद, दारे बंद, आणि लघवी पुन्हा मोकळी व पाण्यासारखी. दारू प्याल्यावर लघवीला सारखे जावे लागते त्याचे कारणही हेच. दारू हा हुकूम निघूच देत नाही. बाटलीत गेले त्यापेक्षा जास्त बाहेर जाते आणि सकाळी डोके ठणकत उठावे लागते.

हुकूम निघालाच नाही तर काय होते ते मी एका रुग्णात पाहिले. २०१६ च्याच उन्हाळ्यातली गोष्ट. विशी ओलांडलेला एक तरुण आईबरोबर आला. काही महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता, टाके पडले होते, बाकी बरा झाला होता. तेव्हापासून त्याला दिवसरात्र तहान. दिवसाला दहा-बारा लिटर पाणी पिई आणि तेवढीच लघवी करी. रात्री चार-पाचदा उठे. घरात पाण्याचे टँकर विकत घ्यावे लागत होते, आणि आई म्हणाली, "चार माणसाचं पाणी हा एकलाच पितो. भाऊ बोलतेत त्याला." घरच्यांनी साखर असेल असे ठरवून टाकले होते. साखर तपासली, अगदी व्यवस्थित निघाली. लघवी मात्र नळाच्या पाण्यासारखी पांढरी स्वच्छ. डोक्याच्या माराने पियूषिकेकडे जाणारी ती शेपटे दुखावली होती. एडीएच निघतच नव्हते. या रोगाला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबेटिस असला तरी साखरेशी त्याचा संबंध नाही, आणि या घोटाळ्यामुळेच २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्याचे नाव बदलण्याचे सुचवले. मी त्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले, मेंदूचा एमआरआय झाला आणि एडीएचसारखे काम करणारे डेस्मोप्रेसिन हे औषध नाकातल्या फवाऱ्याने सुरू झाले. औषध सुरू झाले त्याच रात्री तो न उठता झोपला. त्या वर्षी त्या घराला टँकरपेक्षा त्या बारक्या बाटलीने जास्त पाणी वाचवून दिले. असा रोग विरळा आहे, पण साखर नसताना कोणी रोज बादलीभर पाणी पीत असेल तर 'सवय आहे' म्हणून सोडून देऊ नये.

बचतीला मर्यादा असते

एडीएच कितीही जोरात असले तरी मूत्रपिंड लघवी पूर्ण थांबवू शकत नाही. खाण्यातून तयार होणारा युरिया, क्षार आणि इतर कचरा विरघळवून बाहेर टाकायला दिवसाला किमान अर्धा लिटर पाणी लागतेच. श्वासातून आणि कातडीतून न कळत जाणारे पाणी वेगळे, तेही पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे शरीर पाणी वाचवते, तयार करत नाही म्हटले तरी चालेल. अन्नाच्या ज्वलनातून थोडे बनते, पण त्यावर कोणाचा उन्हाळा निघत नाही.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्याकडच्या बायका. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला, ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांनी मला हे सांगितले त्याची गणती नाही. "रानात आडोसा कुठं असतो डॉक्टर? म्हणून पाणीच पीत नाही बघा." सकाळी निघताना कपभर चहा आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी. मधल्या आठ-नऊ तासांत त्यांचे एडीएच सारखे हुकूम सोडत असते, लघवी घट्ट, पिवळी, जळजळणारी होते. मग लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, मुतखडा, आणि वर्षानुवर्षे उन्हातान्हात असेच चालले तर मूत्रपिंडाचेच नुकसान. ज्या शाळांत संडास बंद असतो किंवा त्यात पाणी नसते, तिथल्या मुलीही हेच करतात. बाटली भरलेली नेतात आणि भरलेलीच परत आणतात. यावर औषध माझ्याकडे नाही. ते ग्रामपंचायतीकडे, शाळेच्या समितीकडे आणि मजूर लावणाऱ्या मुकादमाकडे आहे. चार काठ्या आणि एक जुनी ताडपत्री बांधावर उभी केली तर आडोसा होतो. तेवढी सोय केलेल्या एका शेतकऱ्याकडच्या बायका लघवीच्या तक्रारीसाठी माझ्याकडे क्वचितच आल्या.

तहान फसवते

रानातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो, गटागटा पितो आणि मिनिटभरात 'हुश्श' करतो. पोटातले पाणी आतड्यातून रक्तात यायला दहा-वीस मिनिटे तरी लागतात. मग मिनिटभरात तहान कशी भागली? इथे टेलिफोन पुढे धावतो. पाणी तोंडातून, घशातून उतरताना तिथले मज्जातंतू मेंदूला आगाऊ वर्दी देतात, 'पाणी आले.' मेंदू विश्वास ठेवतो, तहान थांबवतो आणि एडीएचही आवरते घेतो. ही सोय चांगली आहे, नाही तर रक्तात पाणी येईपर्यंत माणूस पीतच सुटला असता. पण खूप घाम गेलेला असेल तेव्हा तीच फसवते. दोन लिटरचा तोटा असतो आणि तहान अर्ध्या लिटरवर समाधान मानते. म्हणून उन्हात काम करणाऱ्याने तहानेवर सोडून न देता, दर अर्ध्या तासाने एक-दोन पेले पीत राहावे.

म्हाताऱ्या माणसांत तहानेचा काटाच मंद होतो. साठी-पासष्टीनंतर रक्त घट्ट झाले तरी तहान उशिरा आणि कमी लागते. शिवाय मूत्रपिंडही एडीएचचे पूर्वीइतके ऐकत नाही. म्हणजे धरणाची पातळीही कळत नाही आणि दरवाजेही नीट बसत नाहीत. अशा आजोबांना 'तहान लागली की प्या' असे सांगणे म्हणजे बंद घड्याळ बघून एसटी पकडायला सांगण्यासारखे आहे. त्यांच्या हातात वेळेवर पेला द्यावा लागतो. अंगावरच्या बाळाला तहान सांगता येत नाही, त्याला जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, आईच्या दुधात पुरेसे असते. पाणी आईने प्यावे.

घाम आणि मीठ

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीरातली उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. घामाच्या ग्रंथींना हुकूम हायपोथॅलॅमसकडूनच, मज्जातंतूंच्या तारांनी येतो. भर उन्हात कष्ट करणारा माणूस तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो. नांदेड-लातूरची हवा कोरडी, घाम येताच सुकतो, त्यामुळे 'मला तर घामच येत नाही' असे म्हणणारे भेटतात. त्यांनी संध्याकाळी आपल्या सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या मिठाच्या रेघा पाहाव्यात. दमट हवेत उलटे होते. घाम दिसतो, टपकतो, पण सुकत नाही, आणि सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तिथला पारा आपल्या मेच्या पाऱ्याइतका चढलेला नव्हता. तेव्हा केवळ पाऱ्याचा आकडा पाहून 'आमच्याकडे तर याहून जास्त असते' अशी फुशारकी मारू नये.

घामाबरोबर मीठही जाते. त्याचा हिशेब वेगळ्या टेबलावर आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडाला मीठ राखायला लावते आणि घामाच्या ग्रंथींनाही. मात्र हे खाते सावकाश चालते. रोज उन्हात राहिल्यावर आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असते. शरीर उन्हाला सरावले, असे आपण म्हणतो ते हेच. म्हणून पहिल्या कडक आठवड्यात जास्त माणसे आजारी पडतात, आणि पुण्या-मुंबईच्या गार कचेऱ्यांतून थेट गावच्या लग्नाला येऊन भर दुपारी वरातीत नाचणारे पाहुणे आमच्या दवाखान्यात येतात. त्याच मांडवात पाट्या वाहणारा वाढपी खणखणीत असतो. खिशात कांदा ठेवण्याने या दोन्ही खात्यांवर काहीही परिणाम होत नाही. तो भाकरीबरोबर खावा. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक मात्र आपल्या आज्यांनी अगदी बरोबर निवडले आहे.

साखर आणि मीठ एकत्र का द्यायचे, यालाही कारण आहे. आतड्याच्या भिंतीत एक वाट अशी आहे, की जिच्यातून साखर आणि सोडियम हातात हात घालूनच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बनगावला हेच साखर-मिठाचे पाणी पिंपातून लोकांना पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चव पाहावी. अश्रूंपेक्षा खारट नको. दुकानात पुडी घ्यायची तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची आहे असे छापलेले पाहून घ्यावी. फळांच्या चवीच्या गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती योग्यच झाली.

आणि सलाईनविषयी एकदा स्पष्ट लिहितो. "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" हे वाक्य मी तीस वर्षे रोज ऐकतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. दुसरे काही नसते. ज्याला उलटी नाही, ज्याची शुद्ध नीट आहे, त्याला तेच पाणी तोंडाने पिता येते आणि त्याचे मोजमाप त्याचा स्वतःचा मेंदू करतो. सुईतून गेलेल्या पाण्याला तो पहारा नाही.

पाणी जास्तही होते. नांदेडकडच्या एका खेड्यातल्या सत्तरीच्या आजीबाईंना घरच्यांनी गाडीत घालून आणले. दोन दिवस असंबद्ध बोलत होत्या, सुनेला ओळखेनात. कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगाराही लावला होता. त्या रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या, मीठ जवळपास बंद केले होते, आणि नातवाच्या मोबाईलवरचा सल्ला ऐकून रोज पाच लिटर पाणी पीत होत्या. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ असायला हवे, ते ११८ होते. मेंदूच्या पेशींना सूज आली होती. त्यांना रुग्णालयात ठेवून सोडियम हळूहळू वाढवावे लागले. ते घाईने वाढवले तरी मेंदूला इजा होते. चार दिवसांनी सुनेच्या हातचा चहा पाणचट आहे अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि लघवीची गोळी चालू असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता पुष्कळांना चालू असतात. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. गोळी मनाने बंद करू नये, पण जुलाब-उलट्या झाल्या किंवा जेवण बंद पडले तर त्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे.

आता उष्माघात. इथे वेळ दवडणे जिवावर बेतते आणि चूक नेहमी एकच होते. माणूस उन्हातून येऊन बडबडू लागतो, तोल जातो, अंग भट्टीसारखे तापते. घरचे 'ताप आला' म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देतात आणि पांघरूण घालून झोपवतात. ताप आणि उष्माघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतूंच्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आपला काटा ३७ वरून ३९ वर सरकवतो. त्यामुळे थंडी वाजते, आणि पॅरासिटामॉल तो काटा खाली आणते. उष्माघातात काटा ३७ वरच असतो. मेंदू ओरडून घाम मागत असतो, पण उष्णता इतकी झालेली असते की यंत्रणाच कोलमडते आणि अंग ४० अंशांच्या पुढे जाते. सरकवलेलाच नाही तो काटा गोळी खाली कसा आणणार? उलट आधीच त्रासलेल्या यकृतावर भार पडतो. अशा माणसाला सावलीत घ्यावे, कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि जोरात पंखा किंवा सुपाने वारा घालावा. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत, मानेशी ठेवावा. जनावरांचा हौद जवळ असेल तर डोके वर धरून त्यात बसवले तरी चालते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुफ्फुसात जाते. १०८ ला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले तर बहुतेक जण वाचतात. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही असेही समजू नये. कष्ट करताना कोसळलेल्या तरुणाचे अंग ओलेचिंब असू शकते. खूण एकच, उन्हातून आलेला माणूस आणि बदललेली शुद्ध.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, किती लिटर. एडीएचचा हुकूम चालू आहे की बंद, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. लघवीचा रंग पाहावा. गव्हाच्या काडासारखी फिकट पिवळी असेल तर हिशेब बरोबर आहे. करडईच्या तेलासारखी गडद, थोडी आणि उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडते आहे. सकाळच्या पहिल्या लघवीवरून मात्र ठरवू नये. रात्री एडीएच वाढलेले असते, म्हणून तर आपण झोपू शकतो, आणि ती लघवी घट्टच असणार. दुपारची पाहावी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पाहूच नये. त्या गोळीने कोणाचीही लघवी झेंडूच्या फुलासारखी होते, आणि मग लोक काविळीचे औषध मागायला येतात.